एकेचाळीस बिल्ल्यांची निवडणूक

आप्पासाहेब बोरुडे मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, त्याला दोन वर्षं पुरी झाली होती. या दोन वर्षांत त्यांची तब्येत सुधारली आणि मालनबाईंची बिघडली. चौतीस वर्षं हा माणूस दहाच्या ठोक्याला छत्री घेऊन घराबाहेर पडत असे आणि सहाला परत येत असे. मधले आठ तास नगरातलं ते घर मालनबाईंचं असे. आता आप्पासाहेब सकाळपासून स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसत आणि संसाराचं दफ्तर तपासत.

"ही भाकरी उलटायला विलंब होतोय, असं माझं मत आहे," ते म्हणत.

"मग या, तुमीच उलटा."

"माझं काम देखरेखीचं. आणि ती भांडीवाली आज सात मिनिटं उशिरा आली. तिचा खुलासा घेतलास का?"

भांडीवालीनं त्याच महिन्यात काम सोडलं. तिच्या जागी आलेली दुसरी पंधरा दिवस टिकली. तिसरी काम मागायला आली, तिनं दारातली खुर्ची पाहिली आणि तशीच माघारी गेली. मालनबाई राहुरीकडच्या, शेतात वाढलेल्या आणि स्वभावानं सोशिक. पण रात्री देवाला हात जोडताना त्यांच्या तोंडून एकच मागणं निघे, की यांना दिवसा कुठंतरी जायला जागा मिळू दे.

म्हणून शेहेचाळीस सालच्या थंडीत नगरपालिकेच्या निवडणुकीचं वारं सुटलं आणि आप्पासाहेबांनी उभं राहायचं मनात आणलं, तेव्हा मालनबाईंनी कान टवकारले. आधी वॉर्डातून निवडून यायचं, मग निवडून आलेले मेंबर आपल्यातून अध्यक्ष निवडणार, अशी रीत होती. सात-आठ होऊ घातलेल्या मेंबरांनी शब्द दिला होता, "आप्पासाहेब, तुम्ही वॉर्डातून तेवढे या. खुर्ची तुमचीच."

मालनबाईंनी एकच चौकशी केली. "अध्यक्षाला कचेरीत रोज जावं लागतं का हो?"

"रोज म्हणजे? दहा ते सहा. शिवाय गावात फिरून पाहणी वेगळी."

"मग राहा उभं," मालनबाई म्हणाल्या आणि रेशनच्या साखरेतली चिमूटभर त्यांनी देवापुढं ठेवली. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. नवऱ्याच्या बेताला त्यांनी एवढ्या झटक्यात होकार दिल्याचं आप्पासाहेबांना आठवेना, आणि ते भारावून गेले.

दुसरा कुणी असता तर मतदारांच्या घरी गेला असता. आप्पासाहेब कचेरीत मुरलेले. त्यांनी आधी रूळ घेऊन कागदावर रेघा मारल्या आणि प्रचाराच्या नोकरवर्गाचा तक्ता तयार केला. सर्वांत वर 'प्रचारप्रमुख' ही एक जागा होती आणि ती त्यांनी छगनला दिली. छगनचे तीन टांगे होते, गावभर ओळख होती आणि आवाज असा, की माळीवाड्यात बोलला तर स्टेशनवर ऐकू जावा. नेमणूक चोख होती. त्या दिवशी आप्पासाहेब थांबले असते, तर ही गोष्ट सांगायचं कारणच पडलं नसतं.

संध्याकाळी त्यांचा चुलतभाऊ गोरक्षनाथ आला. चहा घेतला नाही, खुर्चीवरही बसला नाही.

"दादा, रक्ताचा माणूस घरात असताना टांगेवाला प्रमुख? मी काय मेलो हुतो का?"

"अरे, कामाची वाटणी आहे ती. मानाचा प्रश्न नाही."

"मानाचाच हाय. भावकीत तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई तुमी."

भावकीची चाळीसेक मतं होती. आप्पासाहेबांनी तक्त्यावर आणखी एक रेघ मारली आणि गोरक्षनाथला 'मुख्य प्रचारप्रमुख' केलं. सकाळी ही बातमी छगनला लागली, तसे त्याचे तिन्ही टांगे आजारी पडले. एकाचं चाक गेलं, एकाचा घोडा लंगडायला लागला आणि तिसऱ्याला कारणही सांगावंसं वाटलं नाही. मग छगनला 'सरप्रचारप्रमुख' केलं, तेव्हा टांगे बरे झाले.

इथून पुढं नेमणुकांना ऊत आला. भिंगारहून मालनबाईंचे भाऊ आले, त्यांना वाईट वाटू नये म्हणून 'निरीक्षक' करावं लागलं. शिंपी गल्लीतले लोक म्हणाले, आमचा एकही माणूस नाही. त्यांचे दोन घेतले. दोन घेतल्यावर तांबट गल्लीनं तीन मागितले. एका माणसाला नेमलं की त्याच्या दोन शेजाऱ्यांची तोंडं वाकडी होत, आणि ती सरळ करायला आणखी दोन जागा काढाव्या लागत. आप्पासाहेबांनी प्रत्येकाला पुठ्ठ्याचा गोल बिल्ला दिला, त्यावर लाल शाईनं नंबर घातला आणि भिंतीवर हजेरीपट टांगला. पंधरा दिवसांत बिल्ल्यांची संख्या अडतीसवर गेली. हे अडतीसजण रोज सकाळी बोरुड्यांच्या ओसरीवर जमत, हजेरी लावत, गुळाचा चहा पीत आणि कोण कुणाच्या हाताखाली यावर दुपारपर्यंत वाद घालत. मतदाराकडे कुणी गेलेलं नव्हतं, कारण मतदाराकडे जाणं हे सर्वांच्याच हुद्द्याला कमीपणा आणणारं काम होतं.

विरोधी उमेदवार झावरे वकील. त्यांच्याकडे एक कारकून होता आणि एक सायकल. त्या दोघांपैकी जे मोकळं असेल ते घेऊन ते घरोघर फिरत.

चहाची पातेली घासताना मालनबाईंच्या हे ध्यानात आलं. मनाशी हिशोब मांडून त्या हादरल्या. हे असंच चाललं तर स्वारी निवडून येत नाही, आणि निवडून आली नाही तर खुर्ची परत स्वयंपाकघराच्या दारात. त्यांनी पदर खोचला आणि आप्पासाहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"या टायमाला बायकांची नावंबी यादीत हायेत ना?"

"आहेत. आपल्या वॉर्डात दीडशेच्या वर."

"त्यांच्याकडं कोण जाणार? तुमचे हे बिल्लेवाले?"

बिल्लेवाल्यांना बायका दारातूनच परत पाठवतील हे उघड होतं.

"रेबेकाबाईला नेमा," मालनबाई म्हणाल्या.

रेबेकाबाई पूर्वी मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या आणि आता स्वतंत्रपणे बाळंतपणं करत. वॉर्डातली निम्मी पोरं त्यांच्या हातांवर जन्मलेली. त्यांना अडवणारं एकही दार नव्हतं. सोवळ्याओवळ्याच्या घरांतही अडल्या वेळी त्यांनाच बोलावणं जाई. एवढी बिनतोड नेमणूक दुसरी नव्हती, आणि म्हणूनच तिच्यावरून सर्वांत मोठा गदारोळ झाला.

"वैनी, बाईमाणूस, त्यात मिशनातली!" गोरक्षनाथ ओसरीवरून ओरडला. "आपल्यात काय बायका न्हाईत?"

"हायेत की. जाऊबाईला पाठवा. सकाळी आठपासनं दारोदार फिरायचं, बारापर्यंत. तवर सैपाक तुमी करा."

गोरक्षनाथनं सैपाकाचा विचार केला आणि तो खाली बसला. पण तेवढ्यानं भागलं नाही. तिसऱ्या प्रहरी अब्राहाम मास्तर आले. काळा कोट, हातात काठी, चर्चच्या पंचांपैकी सर्वांत ज्येष्ठ.

"रेबेका हुशार आहे, माझी तक्रार नाही," ते म्हणाले. "परंतु आमच्या मंडळीतलं माणूस घ्यायचं, तर पंचांना विचारायची पद्धत आहे. आम्हांला बाजारात कळलं."

आप्पासाहेबांनी मुकाट्यानं रूळ उचलला. रेबेकाबाईंना एकोणचाळीस नंबरचा बिल्ला मिळाला आणि अब्राहाम मास्तरांना सल्लागार म्हणून चाळिसावा. एकेचाळिसावा लागलीच शेजारच्या वैद्यांना द्यावा लागला. त्यांचं म्हणणं, सुईणीला विचारता आणि वैद्याला नाही?

रेबेकाबाईंनी दोन दिवसांत साऱ्या घरांतून फेरी मारली आणि तिसऱ्या दिवशी मालनबाईंच्या चुलीपाशी येऊन बसल्या.

"काकू, मतं आपल्यालाच आहेत. पण एक घोटाळा आहे. यादीत प्रत्येक बाईच्या नावापुढं नवऱ्याचं नाव आहे. बूथवरचा साहेब विचारणार, नवऱ्याचं नाव काय? ते सांगितल्याशिवाय चिठ्ठी मिळायची नाही."

"अगं बाई! मग?"

"मग काय, एकही बाई सांगायला तयार नाही. छबूबाई म्हणाली, मत गेलं खड्ड्यात, मी त्यांचं नाव घेऊन त्यांचं आयुष्य कमी करायची नाही. मी म्हटलं, माझे मिस्टर सत्यवान, मी दिवसातून दहादा नाव घेते, अजून ठणठणीत आहेत. तर म्हणते, तुमच्यात चालतं, आमच्यात न्हाई चालत."

मालनबाईंनी फुंकणी खाली ठेवली. त्यांनीही छत्तीस वर्षांत नवऱ्याचं नाव सरळ घेतलेलं नव्हतं. दीडशे मतं एका नावापायी अडली होती. त्यांनी चुलीतलं लाकूड पुढं सारलं आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला.

"उखाण्यात चालतं की गं! लग्नात, डोहाळजेवणात, हळदीकुंकवाला घेतातच की समद्या."

ही तोड इतकी सोपी होती, की रेबेकाबाईंनी त्यांचे हात धरले. दुसऱ्या दिवसापासून बोरुड्यांच्या माजघरात हळदीकुंकू सुरू झालं, ते आठ दिवस चाललं. बायका येत, फुटाणे खात आणि मतदानाचे उखाणे रचत. ज्यांना जमत नव्हते त्यांना बनुबाई रचून देत. बनुबाईंचा त्या बाबतीत मोठा लौकिक होता. लग्नात त्यांना नाव घ्यायचा आग्रह करायला लोक कचरत, कारण नंतर पंगत उशिरा बसे. आप्पासाहेबांनी माजघराच्या दारावर एक नोटीस चिकटवली, 'उखाणा दोन ओळींपेक्षा अधिक नसावा. हुकमावरून.' आत बसलेल्यांपैकी बहुतेकींना वाचता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांनी नोटिशीकडे पाठ केली.

मतदानाचा दिवस आला. आप्पासाहेबांनी आदल्या दिवशी दोन गोष्टी केल्या होत्या. एक म्हणजे मतदान अधिकाऱ्यांना अर्ज दिला, की स्त्रीवर्गाला तिष्ठत ठेवू नये, बायका येतील तेव्हा त्यांना पुढं घ्यावं. अधिकारी भला माणूस, त्यानं मान्य केलं. दुसरी म्हणजे आपल्या नोकरवर्गाला ताकीद दिली. "आधी ड्यूटी, मग मत. चार वाजेपर्यंत कुणीही जागा सोडायची नाही. चारनंतर सर्वांनी एकदम जाऊन मत द्यायचं. जागा सोडली, तर हजेरीपटावर फुली मारीन."

वॉर्डाचं बूथ शाळेत होतं. एकच खोली, एकच टेबल. सकाळी आठ ते अकरा झावऱ्यांचे मतदार आले, नाव सांगितलं, मत दिलं, गेले. अकराला घरचं आवरून बायका आल्या. नव्या लुगड्यांत, नाकात नथी घालून, एकशे सोळाजणी.

छबूबाई पुढं होत्या. अधिकाऱ्यानं विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

छबूबाईंनी पदर सावरला, खाकरल्या, आणि म्हणाल्या:

"नगरच्या किल्ल्याला खंदक आहे खोल,
भिमाजीरावांच्या शब्दाला सोन्याचं मोल!"

अधिकारी हसला. त्यानं यादीत खूण केली आणि चिठ्ठी दिली. रांगेतून वाहवा उठली. मागच्या कडूबाईंना चेव आला.

"भिंगारच्या बाजारात घेतली निळी चोळी,
कारभारीरावांचं नाव घेते मतदानाच्या वेळी!"

पहिल्या दहाजणींना मजा आली. पुढच्या दहाजणींना चुरस लागली. कुणी लाजून मागं सरे, मग चौघी तिला पुढं ढकलत, मग ती तोंडाला पदर लावून म्हणे, "आधी तू घे." एकीनं उखाणा घेतला, पण अधिकाऱ्याला नाव ऐकू आलं नाही, तिनं पुन्हा पहिल्यापासून घेतला. एकजण नाव घेऊन बाहेर गेली आणि याहून चांगला आठवला म्हणून परत आली. एक वाजता बनुबाईंची पाळी आली. त्यांनी अंगणापासून सुरुवात केली. अंगणात तुळस, तुळशीपुढं वृंदावन, पलीकडं गोठा, गोठ्यात गाई, गाईंची नावं, मग माजघर, मग देवघर, देवघरात एकेक देव. नवऱ्याचं नाव आलं तेव्हा अधिकाऱ्याचं पाणी पिऊन झालं होतं आणि शिपाई उभ्या उभ्या पेंगत होता.

दोनला झावरे वकील सायकलीवरून आले. त्यांना वाटलं, बूथवर लग्न लागतंय. त्यांनी दारातून आतली रांग पाहिली, मग घड्याळ पाहिलं, मग रस्त्यावर ठिकठिकाणी बिल्ले लावून उभे असलेले आप्पासाहेबांचे लोक पाहिले. वकिली डोकं, सारं त्यांच्या लक्षात आलं. ते आत बाकावर जाऊन बसले आणि प्रत्येक उखाण्याला मनापासून दाद देऊ लागले.

"वा! काय नाव घेतलंत! साहेब, हे पुन्हा एकदा होऊ द्या. पाठीमागं नीट ऐकू आलं नाही."

चार वाजले. ड्यूटी संपवून रेबेकाबाई सोडून बाकीचे चाळीस बिल्लेवाले शाळेपाशी आले, तेव्हा रांगेत अजून तिसाच्या वर बायका होत्या आणि रांगेचं शेपूट फाटकापर्यंत आलेलं होतं.

"ओ बायांनो, आवरा की जरा!" छगन ओरडला. "आमची मतं राहिल्यात!"

"व्हय रं, घाई कसली?" आतून उत्तर आलं. "जल्मात एकदा सरकारी साहेब नाव इचारतोय!"

गोरक्षनाथनं पुढं घुसायचा प्रयत्न केला. शिपायानं अडवलं, त्यानं आप्पासाहेबांचाच अर्ज दाखवला, बायका आधी. आप्पासाहेब स्वतः दाराशी धावत आले आणि हात जोडून सांगू लागले, की नुसतं नाव सांगा, बाकीचं राहू द्या. त्यांना पाहताच बायकांनी कल्ला केला. आता मालनबाईंची पाळी आली होती, आणि साक्षात उमेदवार समोर उभा. असा योग कोण सोडणार? आग्रहावर आग्रह झाला. मालनबाईंनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मनातलं सारं सांगून टाकलं.

"तव्यावर भाकरी, काठवटीत पीठ,
आप्पासाहेब गेले कचेरीत, की संसार चालतो नीट!"

खोली दणाणली. झावरे वकील उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवत म्हणाले, "वन्स मोअर!"

पाचच्या ठोक्याला फाटक बंद झालं. आत होत्या तेवढ्या बायकांची मतं घेतली गेली. बाहेर चाळीसजण आपापल्या हुद्द्यांसह उभे राहिले. स्वतः आप्पासाहेबांनी तेवढं सकाळी मत दिलं होतं, आणि रेबेकाबाईंनी. बाईंना बिल्ला असूनही हजेरीपटावरच्या फुलीची भीती नव्हती. मुख्य प्रचारप्रमुख, सरप्रचारप्रमुख आणि सल्लागार यांची मतं पडलीच नाहीत.

मोजणी झाली. आप्पासाहेब अकरा मतांनी पडले.

रात्रीपर्यंत ओसरीवर चौकशी चालली. गोरक्षनाथ म्हणाला, बाईमाणूस नेमलं तिथंच माती खाल्ली. छगन म्हणाला, डोक्यावर भावकी बसवली तिथं. अब्राहाम मास्तर म्हणाले, त्यांना सल्लागार नेमलं होतं परंतु सल्ला कुणी विचारला नाही. ज्या ड्यूटीच्या हुकमापायी हे घडलं, त्याचं नाव कुणी काढलं नाही; आप्पासाहेबांनी तर नाहीच. सगळे गेल्यावर त्यांनी हजेरीपट भिंतीवरून काढून नीट गुंडाळला आणि बायकोची समजूत घातली.

"झालं ते बऱ्यासाठीच. घराकडं दुर्लक्ष होत होतं. आता सारा वेळ इथंच देतो. स्वयंपाकघराची घडी बसवायची राहिलीच आहे."

मालनबाई परसात गेल्या आणि पदराआड हुंदके देऊन रडल्या. शेजारणी म्हणाल्या, नवरा पडला त्याचं केवढं दुःख झालंय बाईला! आणि त्यात चूक काहीच नव्हतं.

महिन्याभरात झावरे वकील अध्यक्ष झाले. त्यानंतर आठवड्यानं नगरपालिकेचा शिपाई लखोटा घेऊन आला. आप्पासाहेबांनी तो ऐटीत फोडला, चष्मा लावून वाचला, मग चष्मा पुसून परत वाचला. शाळा मंडळावर एक स्त्री सभासद घ्यायची होती. झावऱ्यांनी सौ. मालनबाई आप्पासाहेब बोरुडे यांचं नाव सुचवलं होतं आणि ते एकमतानं मंजूर झालं होतं. सोबत अध्यक्षांची खाजगी चिठ्ठी होती: 'ज्या बाईंनी एकशे सोळा स्त्रिया एका दिवशी घराबाहेर काढल्या, त्यांनी मुलींना शाळेत आणायचं काम हाती घ्यावं, ही विनंती. शाळांची पाहणी रोज करावी लागेल. तयारी असावी.'

"रोज?" मालनबाईंनी विचारलं. आप्पासाहेबांनी ती ओळ त्यांना तीनदा वाचून दाखवली.

सोमवारी सकाळी मालनबाई जरा ठेवणीतलं लुगडं नेसून तयार झाल्या. आप्पासाहेब खुर्ची सोडून उठले होते आणि अस्वस्थपणे येरझारा घालत होते.

"मी काय म्हणतो, मंडळ म्हटलं की टिपणं आली, फायली आल्या. तुला वाचायला वेळ लागतो. हाताखाली एक जाणकार माणूस लागेल. माझा चौतीस वर्षांचा अनुभव आहे. पगाराचीही अपेक्षा नाही."

"इचार केला म्या त्याचा. रेबेकाबाईला सांगितलंय. ती बाहेर हुभी हाय."

"रेबेकाबाई? अगं, घरात मी असताना—"

"म्हणूनच," मालनबाई पायांत वहाणा घालत म्हणाल्या. "घरातलाच माणूस नेमला तर लोक बोलतील. गोरक्षनाथ भावजी रुसतील, छगन टांगं बंद करंल. तुमाला ठावं हाय ना समदं?"

आप्पासाहेबांना सारं ठाऊक होतं. ते दारापर्यंत मागं आले. "निदान अर्ज तरी देऊ का?"

"द्या की," मालनबाई पायऱ्या उतरता उतरता म्हणाल्या. "लिवून ठेवा. सवडीनं बघू."